थांबत चालणारा पंप

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडलं, तर आत एक अनोळखी माणूस माझ्या पंपाला स्टेथोस्कोप लावून, डोळे मिटून उभा होता.

मी दारातच थांबले. पेशी ठेवायच्या उबदार पेटीची नेहमीची घरघर ऐकू येत होती. खिडकीतून तिरपं ऊन आत येऊन बाटल्यांमधल्या गुलाबी द्रवावर पडलं होतं. आणि त्या सगळ्याच्या वर आणखी एक आवाज होता... सलग, मऊ, एकसुरी. तो आवाज तिथे असायला नको होता.

"बरा झाला," डोळे न उघडताच तो म्हणाला. "शुक्रवारी तुमचा फ्रीज बघायला आलो, तेव्हा हा बिचारा अडखळत होता. जरासा चालायचा, मग बराच वेळ गप्प. मध्ये एक घड्याळ बसवलेलं होतं, तेच बिघडलंय असं वाटलं. काढून टाकलं. आता ऐका, कसा झऱ्यासारखा वाहतोय."

"तो अडखळत नव्हता," मी म्हणाले. "थांबत होता."

त्याने डोळे उघडले. एका कानातली नळी काढली, दुसरी तशीच राहू दिली.

"दोन्हींत फरक काय?"

मी ओरडायला हवं होतं. माझ्या जागी कोणीही ओरडलं असतं. त्या नळ्यांच्या टोकाला माझं कित्येक महिन्यांचं काम होतं. मी स्वतःच्या आत जरा वाट पाहिली, राग येतोय का म्हणून. आला नाही. आई गेल्यापासून काहीच येत नव्हतं. मी स्टूल पुढे ओढलं आणि त्याला म्हटलं, बसा, सांगते.

पिट्युटरी म्हणजे मेंदूच्या खाली लोंबणारा वाटाण्याएवढा दाणा. त्याच्या वर मेंदूचा एक भाग असतो, तो या दाण्याला रासायनिक निरोप पाठवतो. निरोप पोचला की दाण्यातल्या पेशींमधलं एक जनुक जागं होतं, पेशी आपलं हार्मोन बनवते, ते रक्तात जातं, आणि माणूस वयात येतो, प्रेमात पडतो, आईबाप होतो. पण तो निरोप ठोक्याठोक्यानेच यावा लागतो. एक ठोका, मग शांतता. पुन्हा एक ठोका. तोच निरोप न थांबता येत राहिला, तर पेशी आधी जोरात उत्तर देते, मग दमते, आणि शेवटी निरोप ऐकणारे आपले कानच आत ओढून घेते. निरोप बाहेर तसाच असतो. जनुक मात्र झोपून जातं. माझा पंप बशीतल्या पेशींना तो निरोप थांबत थांबत देत होता. शनिवार-रविवार त्याने तो सलग दिला होता.

ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला. दुसऱ्या कानातली नळीही त्याने काढली.

"म्हणजे मी मारल्या त्यांना."

"मेल्या नाहीत. बहिऱ्या झाल्या."

तो त्या छोट्याशा बशीवर वाकला. मग अगदी हळू आवाजात त्याने विचारलं की, पंप मुद्दाम थांबतो अशी चिठ्ठी का चिकटवली नव्हती. मी म्हटलं, या इमारतीत आपण होऊन कोणी काही दुरुस्त करेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याला हसू आलं, पण हसावं की नाही हे कळेना म्हणून त्याने ते ओठांतच धरून ठेवलं. ते धरलेलं हसू मला नंतर दिवसभर आठवत राहिलं. त्याचं नवल वाटलं, पण तेही लांबूनच... पुलावरून खालचं पाणी बघावं तसं.

संस्थेच्या यंत्रशाळेत तो नवा होता. डॉक्टरेट केलेल्या माणसांनी भरलेल्या त्या इमारतीत 'डॉक्टर' म्हणून फक्त त्यालाच हाक मारत, कारण कुठलंही यंत्र उघडण्याआधी तो स्टेथोस्कोप लावून त्याच्या पोटातलं ऐकायचा. त्याचा फोन कधी वाजतच नाही अशीही त्याची ख्याती होती. वाजण्याआधीच त्याने तो उचललेला असे.

आमच्या बाईंनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी काम करत होते त्यांनी, सगळं ऐकून चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या की, यंत्रावर इतकी माया करणारा माणूस या संस्थेत टिकायचा नाही. त्या पेशी टाकून दे, नव्या घे. नव्या मी घेतल्या. जुन्या मात्र टाकल्या नाहीत. पेटीच्या खालच्या कप्प्यात, मागे सरकवून ठेवल्या. बाईंनी विचारलं असतं तर कारण सांगता आलं नसतं.

घरी त्या दिवसांत माणसं होती. मावशी राहायला आली होती, दोन्ही काकू आलटून पालटून यायच्या, शेजारच्या वहिनी दारावर टकटक न करताच आत येत. सगळी मायेचीच. सकाळी डोळे उघडायच्या आत कोणीतरी कपाळावर हात ठेवायचं. कशी आहेस, झोप लागली का, मन मोकळं कर, आतल्या आत ठेवू नको. 'जेवलीस का' विचारावं तशी मावशी रोज संध्याकाळी मला विचारायची, "रडलीस का?" मी नाही म्हटलं की तिचेच डोळे भरून यायचे, आणि मग मलाच तिची समजूत काढावी लागे.

बाबा गच्चीत वर्तमानपत्र धरून बसायचे. पान उलटायचे नाहीत. एकदा मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले, तर आतून मावशीचा आवाज येत होता, तिच्या मैत्रिणीला फोनवर आमची हकीकत सांगणारा. बाबा पेपराआडून म्हणाले, "तुझी मावशी सोन्यासारखी आहे. फक्त तिला बंद करायचं बटण नाही." आम्ही दोघं हसलो असतो, पूर्वी.

माझा डबा आता बाबा भरत. त्यांचा हात जड. झाकण इतकं दाबून लावत की ते उघडायला चमच्याची दांडी घालावी लागे. मी तसा प्रयत्नच करत नव्हते. डबा भरलेलाच परत यायचा. बाबा तो रिकामा करायचे, घासायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायचे.

'डॉक्टर' प्रायश्चित्त घ्यायला यावं तसा येऊ लागला. आधी त्याने ते काढलेलं घड्याळ परत बसवलं. मग त्याची चाचणी घ्यायला आला. मग चाचणी बरोबर झाली होती का, ते बघायला. एकदा त्याने पंपावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली : 'हा आजारी नाही. विचार करतोय.' बाई जाता जाता वाचून म्हणाल्या की, हीच एक पाटी माझ्या पाठीवरही लावा, म्हणजे लोक माझ्याही वाटेला जाणार नाहीत.

त्याला जीवशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि न कळण्याची त्याला लाजही नव्हती. जनुक जागं झालंय हे तुम्हाला दिसतं कसं, असं त्याने विचारलं, तेव्हा मी त्याला अंधाऱ्या खोलीत घेऊन गेले. ती खोली म्हणजे जेमतेम एक कपाट. एक सूक्ष्मदर्शक, एक कॅमेरा, एक पडदा, आणि कोपर कोपराला लागेल एवढीच जागा.

दार लावलं. सगळं काळं झालं. त्याच्या अंगाला यंत्राच्या तेलाचा आणि श्वासाला लवंगेचा वास येत होता. पडद्यावर आधी काहीच नव्हतं... मग कुठेतरी कोपऱ्यात एक फिकट ठिपका उमटला. त्याच्याजवळ दुसरा. मग इथे, तिथे, काळोखात कोणी पणत्या ठेवत जावं तसे ठिपकेच ठिपके.

"हे काय आहे?" तो कुजबुजला. तिथे कुजबुजायचं काही कारण नव्हतं.

"काजवे," मीही कुजबुजले. "त्या जनुकाच्या शेजारी आम्ही काजव्याचं जनुक जोडून ठेवलंय. ते जागं झालं की हेही जागं होतं, आणि पेशी उजळते."

"आणि माझ्या... त्या बहिऱ्या झालेल्या?"

"त्यांच्या बशीत अंधार आहे."

तो म्हणाला, "मी आलो की तुम्ही सारखं त्या फोनकडे बघता. आताही बघितलंत. कोणाची वाट बघता?"

फोन टेबलावर उताणा पडला होता. जेवायची सुट्टी झाली होती. मी सांगणार नव्हते; पण अंधारात माणूस जरा सैल होतो. आईचा या वेळेला मिस्ड कॉल यायचा, मी म्हटलं. कॉलेजात होते तेव्हापासून. एकदा वाजायचा आणि थांबायचा. त्याचा अर्थ — जेवून घे. मी एक उलट द्यायचे. त्याचा अर्थ — बसले जेवायला. बोलणं संध्याकाळी, दुपारी एवढंच. आता दिवसभर फोन वाजतो. सगळे विचारतात. पण तो एक वाजत नाही.

त्याने 'अरेरे' म्हटलं नाही. माझ्या खांद्यावर हातही ठेवला नाही. थोड्या वेळाने विचारलं, "तुमचे ठोके... जरा हळू दिले तर? फार वेळाने एक, असे?"

"मग दुसरं एक जनुक जागं होतं. भराभर ठोक्यांना पहिलं, सावकाश ठोक्यांना दुसरं."

"निरोप तोच?"

"तोच."

"कमाल आहे तुझ्या त्या दाण्याची," तो म्हणाला. तो 'तुझ्या' म्हणाला हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. अंधार होता म्हणून बरं. मी दार उघडलं, तेव्हा तो पडद्याकडेच बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

इथे थांबायला हवं होतं त्याने. पण तो चांगला माणूस होता, आणि चांगल्या माणसांना थांबता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी त्याचा निरोप येऊ लागला, पोचलीस का. मग चहा, आणि जेवायच्या सुट्टीत दारात तो. आज खाल्लंस का, थोडं तरी खा, मी उघडून देतो डबा, माझ्याकडे पक्कड आहे. संध्याकाळी फाटकापर्यंत सोबत. घरी गेल्यावर निरोप, पोचलीस का. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. पहिले काही दिवस मला उजेडात आल्यासारखं वाटलं. मी एकदा आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहिले, आणि मावशीने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग तो उजेड पांढरा होत गेला... आणि मग तो दारात आला की मला फक्त दारात कोणीतरी आलंय एवढंच कळायचं.

एका दुपारी जिन्याच्या वळणावर त्याने मला गाठलं. बाहेर भुरभुर पडत होती. काचेवरून थेंब ओघळत होते आणि त्यांच्या सावल्या त्याच्या शर्टावरून उतरत होत्या. तो स्टेथोस्कोपची नळी बोटाभोवती गुंडाळत होता, सोडत होता. दुसऱ्या शहरातल्या एका कारखान्याने त्याला बोलावलं होतं. श्वासाची यंत्रं बनवणारा कारखाना. त्याच्या मनासारखं काम. आठवड्याभरात उत्तर द्यायचं होतं.

"जाऊ का?" त्याने विचारलं. "की... थांबू?"

मी पुन्हा स्वतःच्या आत बघितलं. तिथे कोणी नव्हतं.

"मला काही वाटत नाही," मी म्हणाले. "तुझ्याबद्दलच असं नाही. कशाबद्दलच नाही. मी आईसाठीसुद्धा रडले नाहीये अजून. मला भीती वाटते की, हे असंच राहणार. माझ्यासाठी नको थांबूस."

त्याने बोटाभोवतीची नळी सोडवली.

"मी फार वाजलो का?"

खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हटलं.

तो हसला. त्या पहिल्या सकाळसारखं, ओठांत धरलेलं. "मला कळायला हवं होतं. तुझ्या पंपाला जे केलं, तेच तुला केलं." नळी खिशात कोंबून तो जिना उतरून गेला. त्याचा उजवा बूट प्रत्येक पायरीवर बारीकसा कुरकुरला. इतके दिवस तो आवाज मी ऐकला नव्हता.

त्यानंतर तो आला नाही. निरोपही नाही.

मावशीही त्याच सुमारास तिच्या घरी गेली. जाताना तिने मला मिठी मारली आणि या वेळी काही विचारलं नाही. घर एकदम मोठं झालं. बाबा आणि मी संध्याकाळी गच्चीत बसायचो, आणि एकदा बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. त्या कागदाचा आवाज मला इतका स्पष्ट ऐकू आला की मी दचकले.

मी पेटीच्या खालच्या कप्प्यातून जुनी बशी काढली. बाईंनी बघून भुवया उंचावल्या. आधी त्या पेशींना काहीच दिलं नाही. नुसतं गुलाबी पाणी, नुसती ऊब. त्यांना गप्प राहू दिलं. मग बशी आणि पंप अंधाऱ्या खोलीत नेऊन नळी जोडली, त्या घड्याळाला हात न लावता. एक ठोका. मग शांतता.

अंधाऱ्या खोलीत मी रोज डोकावायचे. पडदा काळा असायचा. आणि त्या काळोखात बसल्या बसल्या माझ्या लक्षात यायला लागलं की, मी कान देऊन आहे. बाहेरच्या बोळातून कोणी गेलं की मी पावलं ऐकायचे. हा नव्हे. हाही नव्हे. कुरकुर नाही.

एकदा असंच जेवायच्या सुट्टीत बसले होते. फोन टेबलावर उताणा. पंप बारीकसा टकटकला आणि थांबला. मी डोळे चोळले. पडद्याच्या डाव्या बाजूला काहीतरी होतं. धूळ असेल म्हणून मी पुसायला हात पुढे केला... आणि तो ठिपका माझ्या बोटाच्या शेजारी जरा वाढला. मग त्याच्या खाली एक. मग बऱ्याच वेळाने, लांब, एकटाच, आणखी एक.

मी रडले. मोठ्याने, तोंडावर हात न ठेवता, नाक गळेपर्यंत. आईसाठी रडले, तिच्या त्या एका वाजण्यासाठी, बाबांनी घासलेल्या भरल्या डब्यांसाठी. मग शर्टाच्या बाहीला नाक पुसलं, आणि अजून हुंदके येत असतानाच फोन उचलून त्याचा नंबर लावला. एकदा वाजला की बंद करायचा, एवढंच ठरवलं होतं.

तो वाजलाच नाही.

"काय झालं?" त्याचा आवाज. "रडतेयस? कुठे आहेस? मी आलो—"

"येऊ नकोस. अरे, तो उचलायचा नसतो," मी म्हणाले, आणि रडता रडता मला हसू फुटलं.

अगदी सावकाश त्याने विचारलं, "मिस्ड कॉल होता?"

"होता. तू होऊ दिलास तर."

पलीकडे यंत्रशाळेत कोणीतरी लोखंडावर लोखंड आपटत होतं. तो चालत चालत त्या आवाजापासून दूर गेला, बुटाची कुरकुर मला फोनमधून ऐकू आली.

"तुझ्या बहिऱ्या पेशी जाग्या झाल्या," मी सांगितलं. "सगळ्या नाही. तीन दिसल्या."

"तीन," तो म्हणाला, जणू कोणी त्याला काहीतरी ओंजळीत दिलं होतं. मग, "मी होकार कळवला गं. कालच. रविवारी जायचंय."

काळजात काहीतरी लागलं. लागलं याचाच मला किती आनंद झाला, ते त्याला फोनवर सांगता आलं नसतं. "बरं केलंस," मी म्हटलं. आणि मग, तो फोनवर आहे तोवरच, "पण मला वाईट वाटतंय. खूप. हे तुला कळावं म्हणून सांगतेय."

त्याचा श्वास ऐकू आला.

"लांब आहे ते शहर," तो म्हणाला. "रोज नाही येता यायचं. महिन्यातून कधीतरी, सुट्टी मिळेल तसं... सावकाश ठोक्यांनी काय जागं होतं म्हणाली होतीस?"

"दुसरं जनुक."

"ते पहिल्याइतकं चांगलं असतं का?"

"दोन्ही लागतात," मी म्हणाले. "एकट्या पहिल्याने काही होत नाही."

"मग मला चालेल." आणि जरा थांबून, "तुला?"

"मी तुला कधीची ऐकत होते," मी म्हणाले. "बोळातून जाणाऱ्या प्रत्येकात. तुझा उजवा बूट कुरकुरतो, माहिताय? तो दुरुस्त करू नकोस."

तो हसला. या वेळी ओठांत धरलं नाही.

"आता फोन ठेव," मी सांगितलं. "मी परत करते. उचलायचा नाही."

"कठीण आहे."

"खिशात हात घालून उभा राहा."

त्याने ठेवला. मी त्याचा नंबर पुन्हा लावला. पलीकडे एकदा वाजला... मी श्वास रोखून ऐकत होते... आणि मी तो बंद केला. त्याने उचलला नव्हता. फोन टेबलावर, पडद्याच्या उजेडात उताणा ठेवला. ठिपके तिथेच होते. पंप टकटकला आणि थांबला. खोलीत इतकी शांतता होती की ती हाताला लागेल असं वाटलं.

फोन एकदा वाजला, आणि थांबला.

मी डबा पुढे ओढला. झाकण नेहमीसारखंच घट्ट दाबलेलं होतं. चमच्याची दांडी कडेत घातली, जोर लावला, आणि डबा उघडला.